धावणाऱ्या मुलाला कॅप्सूल की मूठभर बदाम?

पोलीस भरतीची तयारी करणारी मुलं-मुली आता आपल्या मोहल्ल्यांतूनही पहाटे मैदानावर दिसतात. मुलांना 1600 मीटर, मुलींना 800 मीटर धावायचं असतं. पहिल्याच आठवड्यात मांड्या-पोटऱ्या भरून येतात, जिना उतरणं नको होतं. मग कुणीतरी सल्ला देतं, "ई जीवनसत्त्वाच्या कॅप्सूल चालू कर." आम्हा शिक्षकांनाही पालक हेच विचारतात.

ई जीवनसत्त्वाचा शोध 1922 मध्ये अमेरिकेत हर्बर्ट एव्हान्स आणि कॅथरीन बिशप यांनी लावला. जोरदार व्यायामात शरीरात 'फ्री रॅडिकल्स' नावाचे घटक वाढतात आणि ते पेशींच्या आवरणाला इजा करतात. हे जीवनसत्त्व त्या आवरणाची राखण करतं. म्हणून ते थकलेल्या स्नायूंना सावरायला मदत करेल, ही अपेक्षा चुकीची नाही.

पण हेच घटक स्नायूंना 'आणखी बळकट व्हा' असा निरोपही देतात. तो निरोपच अडवला तर? नॉर्वेतल्या संशोधकांनी 54 जणांकडून 11 आठवडे व्यायाम करून घेतला. त्यातल्या एका गटाला रोज 1000 मिलिग्रॅम सी आणि 235 मिलिग्रॅम ई जीवनसत्त्व दिलं. 2014 मध्ये निष्कर्ष आला. धावण्याची क्षमता दोन्ही गटांची सारखीच वाढली. मात्र स्नायूंत ऊर्जा तयार करणाऱ्या यंत्रणेची वाढ गोळ्या घेणाऱ्यांत खुंटलेली दिसली. म्हणजे पैसे खर्चून फायदा नाहीच, उलट मेहनतीचं फळ कमी होण्याची शक्यता.

अमेरिकेतल्या मानकानुसार प्रौढ माणसाला रोज 15 मिलिग्रॅम ई पुरतं. मूठभर, म्हणजे 28 ग्रॅम बदामांतून किंवा सूर्यफुलाच्या बियांतून सुमारे 7 मिलिग्रॅम मिळतं. शेंगदाणे, पालक, सूर्यफुलाचं तेल यांतूनही भर पडते. बाजारातली एक कॅप्सूल मात्र 400 मिलिग्रॅमची असते. रक्त पातळ करणारं औषध घेणाऱ्यांना एवढ्या मात्रेने रक्तस्रावाचा धोका वाढतो. शिवाय अशा कॅप्सूलचं आवरण बहुधा जनावरांच्या कातडी-हाडांपासून केलेल्या जिलेटिनचं असतं. हलालची काळजी घेणाऱ्या घरांनी हेही पाहावं.

नव्या व्यायामाचं दुखणं साधारण दोन-तीन दिवसांत ओसरू लागतं. तोवर पुरेशी झोप, डाळ, अंडी, मासळी आणि धावण्याचं अंतर हळूहळू वाढवणं, एवढं सांभाळावं. दुखणं आठवडाभर टिकलं किंवा लघवी गडद तपकिरी झाली, तर डॉक्टरांना दाखवायला उशीर करू नये.