घोरपडीला नाव आहे, मावळ्यांना?

रत्नागिरीत मांडवीच्या जेटीवर संध्याकाळी हवा इतकी दमट असते की डफाचं कातडं सैल पडतं. परवा तिथे शाळेच्या कार्यक्रमासाठी पोवाडा बसवणारी पोरं जमली होती. एकाने वर्तमानपत्राचा कागद पेटवला, त्या जाळावर डफ फिरवून शेकला, टिचकी मारून पाहिली. आवाज टणक आला तशी बाकीच्यांनी ‘जी जी रं जी’ ओढलं. प्रसंग पावनखिंडीचा. गाणं संपल्यावर मुख्य गाणाऱ्याला विचारलं, “बाजीप्रभूंबरोबर आणखी कोण होतं रे?”

“मावळे.”

“त्यांची नावं?”

तो गप्प झाला. तेव्हापासून लढायांच्या कवितांमध्ये मी नावंच शोधतोय. काय काय हाती लागलं, बघा.

हत्तीसुद्धा नावानिशी! ४ फेब्रुवारी १६७० ची सिंहगडाची लढाई शाहीर तुळशीदासाने गाजवली. त्याच्या पोवाड्यात तानाजी आहेत, भाऊ सूर्याजी आहे, शेलारमामा आहेत. घोरपडीचं नाव यशवंत, उदेभानाच्या हत्तीचं चंद्रावळी. पण दोराला धरून रात्री कडा चढलेल्यांची नुसती संख्या. इतिहासकार घोरपडीची गोष्ट मानत नाहीत. ‘सिंहगड’ हे नावही १६६३ च्या पत्रात, म्हणजे तानाजी पडण्याच्या सात वर्षं आधी सापडतं. तरी लोकांच्या तोंडी पोवाडाच राहिला. गाण्याची ताकद ती हीच!

शाहिराचं नाव तरी पक्कं? तेही नाही. अफजलखानाच्या वधाचा पोवाडा रचणाऱ्याला कुणी अज्ञानदास वाचतं, कुणी अगिनदास. बिदागी मात्र पोवाड्यातच नोंदलेली आहे: एक घोडा आणि शेरभर सोन्याचा तोडा.

सात कुठून आले? कुसुमाग्रजांच्या कवितेने नेसरीचे सात घोडेस्वार घराघरांत पोचवले. प्रतापराव गुजर पडले ते २४ फेब्रुवारी १६७४ रोजी. सात या आकड्याला आधार आहे तो इंग्रजांच्या दुभाष्याचा. नारायण शेणव्याने त्याच वर्षी एप्रिलमध्ये रायगडाहून पत्र लिहिलं, त्यात प्रतापराव आणि सहा स्वार एवढाच हिशोब आहे. त्या सहांची म्हणून जी नावं आज सांगतात, ती पुढच्या काळातली.

मोती, मोहरा, खुर्दा. पानिपतची बातमी पेशव्यांना कळली ती सावकारी पत्राच्या सांकेतिक भाषेत, असं पिढ्यानपिढ्या सांगत आले आहेत. दोन मोती म्हणजे विश्वासराव आणि सदाशिवरावभाऊ. सत्तावीस मोहरा म्हणजे सरदार. आणि रुपये-खुर्द्याची मोजदादच नाही. पत्र खरं तर गद्य, पण त्याच्याइतकी चटका लावणारी कविता मला दुसरी ठाऊक नाही. घरोघरचे कर्ते मुलगे त्या खुर्द्यात गेले.

आणि पावनखिंडीच्या दिवशी समोर कोण होतं? त्याचं उत्तर वाचून मी थोडा वेळ जेटीवर नुसता बसून राहिलो. १३ जुलै १६६० ला शिवाजी महाराज विशाळगडाशी पोचले, तेव्हा गडाला वेढा घालून आदिलशाहीच्या बाजूने दोन मराठे सरदार उभे होते: शृंगारपूरचे सूर्यराव सुर्वे आणि पालवणचे जसवंतराव दळवी. एक गाव आपल्या संगमेश्वर तालुक्यातलं, दुसरं चिपळूणकडचं. म्हणजे मागे खिंडीत माणसं पडत होती आणि पुढे वाट अडवून आपल्याच मुलखातले लोक होते. आपण गातो ती गोष्ट सिद्दीच्या फौजेची. हा दुसरा भाग शाळेच्या स्टेजवर मी तरी कधी ऐकलेला नाही. तो गायला हवा, दुखला तरी.

असंच दुखणं १८०२ चं. २५ ऑक्टोबरला, ऐन दिवाळीत, हडपसरला यशवंतराव होळकरांची फौज एकीकडे, पेशवे आणि शिंद्यांची दुसरीकडे. दोन्हीकडून मराठेच मेले. दुसरा बाजीराव पळाला तो कोकणात उतरला, हर्णैच्या सुवर्णदुर्गात थांबला आणि वर्ष संपता संपता वसईला इंग्रजांशी तह करून बसला.

तिकडे अमेरिकेत यादवी चालू असताना एप्रिल १८६२ मध्ये शायलोला दोन दिवसांत ठार, जखमी आणि बेपत्ता मिळून सुमारे २४,००० माणसं गेली. हर्मन मेलव्हिलने त्यावर १९ ओळी लिहिल्या. त्यात शेतावरून फिरणाऱ्या पाकोळ्या आहेत, लाकडी चर्च आहे. सैनिकाचं नाव एकही नाही. इथे घोरपड, तिथे पाकोळी!

पोवाडे जपले कुणी? शंकर तुकाराम शाळिग्राम आणि हॅरी ॲकवर्थ या जोडीने. ॲकवर्थ मुंबईचे म्युनिसिपल कमिशनर. वडाळ्याचं कुष्ठरुग्णालय आजही त्यांच्याच नावाने आहे. गावोगावच्या गोंधळ्यांच्या तोंडून मिळवलेले पोवाडे १८९१ मध्ये पुस्तकात आले. आणि बाजीप्रभूंवर, तानाजींवर पोवाडे रचणारे सावरकर १९२४ ते १९३७ याच रत्नागिरीत स्थानबद्ध होते. त्यांचा सिंहगडाचा पोवाडा सरकारने जप्त केला होता.

आता खिंडीतली माणसं. एकेकाचं नाव नाही मिळालं, पण कुळाचं मिळालं: बांदल. बाजीप्रभू हिरडस मावळच्या बांदल देशमुखांच्या पदरी होते आणि खिंड लढवली ती मुख्यतः बांदलांच्या लोकांनी. त्या दिवसानंतर महाराजांनी दरबारातलं मानाचं पहिलं पान जेध्यांकडून मागून बांदलांना दिलं, आणि जेध्यांनी ते दिलं.

हे मी त्या पोराला जाऊन सांगितलं. काल जेटीवर पुन्हा डफ शेकत होते. ‘मावळे’ यायचं तिथे तो ‘बांदल’ म्हणत होता. एक मात्रा कमी पडते, ती तो ‘बांदऽल’ असं ओढून भरून काढत होता.