पुलाच्या पोटाची काळी पट्टी

काँक्रीटवर लिहायला अभियांत्रिकीची मंडळी समर्थ आहेतच. पण आपण सारे काँक्रीटच्याच छपराखाली झोपतो, तेव्हा कला शाखेलाही थोडी चौकशी करण्याचा हक्क असावा असे मला वाटते.

काँक्रीट दाब सुखाने सोसते, ताणले की मात्र तडकते. तुळईवर भार आला म्हणजे तिचे वरचे अंग दाबले जाते आणि खालचे ताणले जाते. म्हणून खालच्या अंगात पोलादी सळया घालतात. त्याच निकामी झाल्या तर?

स्वित्झर्लंडमध्ये ल्यूसर्नजवळच्या ईबाख पुलावर हा प्रसंग आला. सिग्नल बसवण्यासाठी भोके पाडताना आतल्या ताण दिलेल्या पोलादी तारांपैकी काही तुटल्या. पूल पाडण्याची गरज पडली नाही. १९९१ साली, एम्पा या संशोधनसंस्थेतील उर्स मायर यांच्या संशोधनाच्या आधारे, पुलाच्या पोटाला कार्बन तंतूंच्या जेमतेम दोन मिलिमीटर जाडीच्या पट्ट्या इपॉक्सीने चिकटवल्या. पोलादी पत्रे लावायचे तर १७५ किलो लागले असते, येथे ६.२ किलोंत भागले! खालून महामार्ग जात असल्याने काम रात्रीच चाले.

केसाहून बारीक असे असंख्य तंतू एकाच दिशेने राळेत बसवले की अशी पट्टी होते. त्या दिशेची ओढ ती साध्या सळईच्या कित्येक पट सोसते, शिवाय गंजत नाही.

मात्र या न गंजण्याचा लोक भलताच अर्थ घेतात. माझ्या माहितीच्या एका इमारतीत छताचे काँक्रीट फुगून सळया उघड्या पडल्या, तेव्हा ‘वरून कार्बन गुंडाळा’ असा सल्ला आला आणि रहिवासी खूश झाले. पण पट्टी गंजत नाही म्हणून आतली सळई गंजायची थांबत नाही. गंजलेली सळई फुगते व काँक्रीटला बाहेर ढकलते. पट्टी तर काँक्रीटच्या वरच्या थरालाच धरून असते. तो थर सुटला की पट्टीही सुटली. शिवाय वरून सारे गुळगुळीत दिसत असल्याने आतले दुखणे झाकले जाते, ते वेगळेच. आधी पोकळ काँक्रीट फोडणे, सळया साफ करणे, नवा भराव घालणे. मग पृष्ठभाग घासून पट्टी, तीही हिशेबाने गरज ठरली तर.

आणखी एक. पोलाद तुटण्यापूर्वी लांबते, तुळई वाकते, माणसांना पळायला अवधी मिळतो. कार्बन अशी सूचना न देता तुटतो. आगीत तर चिकटवणारे इपॉक्सीच आधी मऊ पडते. म्हणून जाणता अभियंता आधी हे तपासतो, की पट्टी नाहीशी झाली तरी मूळ तुळई नेहमीचा भार पेलेल ना.