जुन्या पिकअपला पॉवर स्टीअरिंग

आपल्या सभासदांपैकी काहींच्या घरी जीपच्या धर्तीची जुनी पिकअप गाडी अजून राबत असेल. भाजीपाला घेऊन बेळगावहून जांबोटी-चोर्ल्यामार्गे गोव्यात उतरणारी अशीच एक गाडी माझ्याकडे आहे. ती चालविणारे आमचे अण्णा साठीला टेकले आहेत. एके दिवशी खांदा चोळीत ते म्हणाले, "मालक, इंजिन थकले नाही, मी थकलो. चाक हलके करा, नाहीतर दुसरा माणूस बघा." दोन्हींपैकी पहिले बरे, असे ठरवून मी पॉवर स्टीअरिंगच्या खटाटोपास लागलो.

ही युक्ती चालते कशी, ते आधी पाहू. साध्या स्टीअरिंगमध्ये चालकाच्या हातांचे बळ स्टीअरिंग बॉक्समधून ड्रॉप आर्मला, तेथून ड्रॅग लिंक व टाय रॉड यांच्याद्वारे पुढील चाकांना पोचते. पॉवर स्टीअरिंगमध्ये ही साखळी तशीच राहते. भर पडते ती तेलाच्या दाबाची. इंजिनाच्या पट्ट्यावर फिरणारा पंप तेल दाबतो. बॉक्सच्या तोंडाशी एक बारीक पोलादी दांडी असते. चाक फिरविताच ती किंचित पिळली जाते, त्या पिळाने झडप उघडते आणि तेल आतील दट्ट्यास एका बाजूने रेटते. हाताचा जोर थांबला की पीळ सुटतो व मदतही थांबते. फ्रान्सिस डेव्हिस या अमेरिकन इंजिनिअरने १९२६ साली पिअर्स-ॲरो मोटारीत असे यंत्र चालवून दाखविले. पण विक्रीच्या मोटारीत ते आले १९५१ साली, क्रायस्लरच्या इंपीरियलमध्ये.

घाटात पट्टा तुटला किंवा होज फुटली, तर चाक एकाएकी अतिशय जड होते, परंतु अडकत नाही. हे चालकास आधी सांगून ठेवलेच पाहिजे. घाबरून हात सोडणारा दरीत जाईल. जोर लावणारा गाडी कडेला घेईल.

आता मुख्य गोष्ट. चाक जड का लागते, याचा शोध घेतल्याशिवाय बाजारात जाऊ नये. आमच्या गाडीचे किंगपिन बेअरिंग कोरडे पडले होते, टायरमध्ये हवा कमी होती आणि टाय रॉडची टोके झिजली होती. एवढे नीट करताच निम्मे ओझे उतरले! झिजलेल्या सांध्यांवर पॉवर स्टीअरिंग बसविले असते, तर चाक हलके झाले असते खरे. पण हातांना पूर्वी कळणारी झीज कळेनाशी झाली असती, आणि तेलाच्या दाबाने सांधे आणखी लवकर गेले असते.

पुढील चूक मात्र आम्ही केलीच. ज्या कारखान्यात काम दिले, तेथे नवा बॉक्स चॅसिसच्या जुन्याच भोकांत बोल्टांनी आवळला. पॉवरचा बॉक्स चॅसिसला पुष्कळ अधिक हिसका देतो. दोन महिन्यांनी, पावसाळ्यात गाडी धुताना, अण्णांना बोल्टाजवळ केसाएवढी चीर दिसली. त्यांची नजर तेथे गेली नसती तर काय झाले असते, याचा विचार करवत नाही. मग चॅसिसला जाड पत्रा दिला, पोकळीत नळ्या घालून बोल्ट आरपार घेतले, तेव्हा बॉक्स जागचा हलेनासा झाला. ड्रॉप आर्म किंवा ड्रॅग लिंक वेल्डिंगने लांब करून देऊ, असे कोणी सुचविले, तर तेथून गाडी काढून घ्यावी.

चाके सरळ असताना बॉक्स बरोबर मध्यावर हवा. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंतचे फेरे मोजून त्यांचे निम्मे करावे. बाजूला बसविल्यास सरळ रस्त्यावरही गाडी भटकते. वळणानंतर चाक आपोआप सरळ होत नसेल, तर ॲक्सल व पाटे यांच्यामध्ये पाचर घालून किंगपिनचा कल मागे थोडा वाढवून घ्यावा. साध्या स्टीअरिंगच्या काळात चाक हलके राहावे म्हणून तो बेताचाच ठेवीत.

तेल भरताना पुढची चाके उचलून, इंजिन बंद ठेवून, स्टीअरिंग दोन्ही टोकांपर्यंत सावकाश अनेकदा फिरवावे. मग इंजिन चालू करावे. तेलात फेस दिसला, की हवा राहिली असे समजावे. टोकाला चाक दाबून धरू नये. पंप कण्हू लागतो. विजेवर चालणारे स्टीअरिंगही मिळते, पण जुन्या गाडीची बॅटरी व आल्टरनेटर त्यास क्वचितच पुरतात. गाडीतील फेरफारांबाबत १९८८ च्या मोटार वाहन कायद्यात कलम ५२ आहे, तेव्हा आर. टी. ओ. कचेरीत आधी विचारावे आणि विमा कंपनीसही कळवावे.

अण्णांचा खांदा आता दुखत नाही. हल्ली ते चोर्ल्याची वळणे एका हाताने घेतात, आणि त्यावरून आमचे रोज भांडण होते.