चैत्रात पालवी कुठून येते?

एप्रिलमध्ये सिल्वासाजवळच्या अथालला दमणगंगेच्या काठाने चालावं. माळावरचं गवत कधीच करपून गेलेलं असतं, उरतात त्या काड्या. पावसाला अजून दोन महिने अवकाश असतो. आणि नेमकं त्याच वेळी त्या तापलेल्या जमिनीवर कोशिंबाला तांबडीलाल पालवी फुटते, मोह तांबूस कोवळ्या पानांनी भरतो, करंज तर अंगभर पोपटी होऊन उभा राहतो. गवताला जगायला पाणी नाही, मग झाडाला नवीन पानं काढायला ते कुठून मिळतं?

या कोड्याने शास्त्रज्ञांनाही बराच काळ अडवलं. 2006 साली स्टीफन एलियट, पॅट्रिक बेकर आणि रॉल्फ बोर्शर्ट यांनी आशियातल्या मोसमी जंगलांच्या या वागण्याला ‘विरोधाभास’ असंच नाव दिलं. त्याचा उलगडा झाडाच्या पानगळीत आहे. पानं गळाली की बाष्पाची वाट बंद होते. मुळं खोलवरून थोडंथोडं पाणी ओढत राहतात, ते खर्च होत नाही, खोडात साठतं. मग झाड एका खुणेची वाट पाहतं, आणि ती खूण पावसाची नसते, दिवसाच्या लांबीची असते. आपल्या अक्षांशावर मार्चमध्ये दिवस रोज जेमतेम मिनिटभराने वाढतो. तेवढी वाढ कळ्यांना कळते! पाऊस एखाद्या वर्षी लांबतो, सूर्य लांबत नाही.

पण पावसाआधीच ही घाई का? मुदुमलाईच्या जंगलात के. एस. मुरली आणि रमण सुकुमार यांना दिसलं, की कोरड्या दिवसांत लवकर पालवणाऱ्या झाडांची पानं किडे कमी खातात. पावसाबरोबर किड्यांची फौज येते, तोवर ही पानं जून झालेली असतात.

आता त्याच माळावरची गाय बघा. तिच्यापुढे भाताचा पेंढा असतो. पेंढ्यात प्रथिनं शेकड्याला तीन-चार. गाय पेंढा स्वतः पचवत नाही. तिच्या पहिल्या पोटातले अब्जावधी सूक्ष्मजीव तो पचवतात, आणि चाऱ्यातली प्रथिनं शेकड्याला सातच्या खाली गेली की त्यांचीच उपासमार होते. ते मंदावले की पेंढा पोटात पडून राहतो, गाय कमी खाते आणि पोट भरलेलं दिसत असताना खंगत जाते. अशा वेळी पांगाऱ्याचा ओंजळ-दोन ओंजळ पाला पेंढ्यात मिसळला, तर त्यातल्या प्रथिनांवर सूक्ष्मजीव पुन्हा कामाला लागतात आणि पेंढाही अंगी लागतो. गवत संपतं त्या महिन्यांत झाडं पालवतात, हा योगायोग गाईच्या केवढ्या पथ्यावर पडला आहे! शिवाय सावली आहेच. रवंथ करणाऱ्या जनावराच्या पोटात सतत उष्णता तयार होत असते. वरून ऊन आणि आतून ही धग, अशा दुपारी गाय चरायचं सोडून नुसती धापा टाकते.

झाडं आणि गुरं एकत्र राखणं या मुलखाला नवीन नाही. शेजारच्या जुन्या ठाणे जिल्ह्यात, म्हणजे आजच्या पालघरच्या बाजूला, भातखाचराच्या जोडीला वरकस जमीन असायची. त्या उतारावर गवत वाढे, नाचणी-वरी पिके आणि मध्ये ऐनासारखी झाडं राखलेली असत. त्यांच्या फांद्या छाटून, त्यावर पातेरा आणि शेण पसरून राब भाजायचा आणि त्या जागेत भाताचं रोप करायचं. झाड, गुरं आणि भात एकाच कुटुंबाच्या हिशेबात होते. वारली आणि कोकणा शेतकऱ्यांना यासाठी वेगळं शास्त्र शिकावं लागलं नाही.

पुढे एकट्या गवताला भाव आला. मुंबईच्या तबेल्यांना ते हवं होतं. 1945 मध्ये वारल्यांनी किसान सभेच्या गोदावरी परुळेकरांच्या साथीने जो लढा दिला, त्यात गवतकापणीची मजुरी ही मोठी मागणी होती. अथालपासून फार लांब नसलेल्या पारडीत 1953 साली आदिवासींनी जमीनदारांच्या गवताच्या जमिनीत नांगर घातला, आम्हाला धान्य पिकवू द्या म्हणून. गवत की धान्य, असा तो झगडा झाला, आणि तो न्याय्यच होता. पण मला वाटतं, या ओढाताणीत वरकस जमिनीचा एकत्र विचार मागे पडला. 1982 मध्ये बाएफ संस्थेने याच पट्ट्यातल्या वांसद्यात ‘वाडी’चा कार्यक्रम सुरू केला, तेव्हा एकेका आदिवासी कुटुंबाच्या एकरभर जमिनीत आंबा-काजू लागले आणि कडेने जंगली झाडं आली. हे मोठं काम आहे. तीच झाडं आता कडेवरून कुरणात उतरावीत, असं मला मनापासून वाटतं.

अडचण एकच, रोप लावलं की गाय खाते. त्यावर पांगाऱ्याने स्वतःच उपाय ठेवला आहे. बी लावायची गरज नाही. पावसाच्या तोंडावर मनगटाएवढी जाड, पुरुषभराहून बरीच लांब फांदी तोडून हातभर खोल पुरली की तिला मुळं फुटतात, आणि पालवी येते ती बहुतेक वरच्या टोकाला, गाईच्या तोंडापासून दूर. शेमटाचंही असंच. फक्त पहिली दोन वर्षं गुरं अंग घासून खुंट हलवणार नाहीत, एवढ्यासाठी भोवती बोरीच्या काट्या बांधाव्यात. ऐन, आपटा, शिवण यांना मात्र रोपापासूनच सांभाळावं लागतं. खुंट दाट लावू नयेत, कारण आपली बरीचशी गवतं उन्हाची भुकेली आहेत आणि गर्द सावलीत ती विरळ होतात. दोन झाडांमध्ये ऊन आरपार जमिनीवर पडेल, एवढं अंतर हवं. आणि पाला काढताना शेंडा कधी तोडू नये, निम्म्याहून जास्त फांद्या एका वर्षात उतरवू नयेत. पुढच्या चैत्रासाठी खोडात पाणी आणि अन्न साठवायला झाडालाही पानं लागतात.