हँगिंग गार्डनच्या पोटातलं पाणी

मलबार हिलच्या हँगिंग गार्डनमध्ये झुडपं कातरून केलेले प्राणी बघत मुलं हिंडतात, मग रस्ता ओलांडून म्हातारीच्या बुटाकडे पळतात. त्या हिरवळीखाली साधारण १४.७ कोटी लिटर पाणी मावतं, हे किती जणांना ठाऊक असेल? १८८०च्या दशकात इथे टाकी बांधली. बाग म्हणजे त्या टाकीचं छप्पर! शुद्ध केलेल्या पाण्याला ऊन लागलं की शेवाळ धरतं, म्हणून ते झाकायचं. आणि झाकायचंच तर वर माती टाकून बाग का नको? माझगावच्या भंडारवाडा टेकडीवरही हेच केलंय, वर जोसेफ बॅप्टिस्टा उद्यान आणि खाली पाणी.

पण खरी कमाल पुढेच आहे. मुंबईला पाणी पुरवणारे तानसा, वैतरणा, भातसा हे तलाव शहरापासून शंभरेक किलोमीटर लांब. तिथून जलवाहिन्यांतून पाणी रात्रंदिवस एका लयीत येत राहतं. मुंबईची तहान मात्र अशी एका लयीत लागत नाही. पहाटे गिरगावात पाण्याची वेळ झाली की घराघरांत एकदम नळ सुटतात, पिंपं भरतात, कपडे भिजतात. दुपारी सगळं शांत. त्या घटकाभराच्या गर्दीला पुरेल एवढं पाणी थेट तलावावरून आणायचं तर कितीतरी जाड वाहिन्या घालाव्या लागतील. त्याऐवजी मागणी नसताना टाकी भरत राहते आणि वेळ झाली की साठवलेलं देऊन टाकते. टेकडीच्या उंचीमुळे पाण्याला दाबही आपोआप मिळतो; खालच्या गिरगाव, फोर्टकडे ते उताराने धावतं. कुठल्या भागाला कधी सोडायचं, हे महापालिकेचे चावीवाले रस्त्यावरच्या झडपा फिरवून सांभाळतात. मुंबईकराचा दिवस घड्याळापेक्षा या माणसांच्या हातावर जास्त चालतो, असं मला वाटतं.

२०२३ मध्ये ही टाकी नव्याने बांधायचा बेत गाजला. त्यासाठी वरची झाडं जाणार म्हणून लोक विरोधात उभे राहिले. मग पाडायची की डागडुजी करायची हे बघायला टाकी आतून तपासली, आणि जुन्या बांधणाऱ्यांची दूरदृष्टी तेव्हा कळली: टाकीत वेगवेगळे कप्पे आहेत. एक रिकामा करून आत माणसं उतरतात, भिंती तपासतात, धुतात, डागडुजी करतात आणि दक्षिण मुंबई तेवढ्या वेळात शेजारच्या कप्प्यांवर आपली पिंपं भरते.