बुरशीच्या हातून तयार होतं 'नॅनो' औषध, पण बाटली घेण्याआधी एवढं समजून घ्या

हरभरा महिन्या-सव्वा महिन्याचा झाला की मधलंच एखादं झाड मान टाकतं. ओल असते, खत दिलेलं असतं, तरी झाड वाळत जातं. उपटून खोड उभं चिरलं तर आत काळपट तपकिरी रेघ दिसते. हा मर रोग. फ्युजॅरियम ऑक्सिस्पोरम नावाची बुरशी मुळातून आत शिरते आणि पाणी वर नेणाऱ्या नळ्याच बंद पाडते. शेतात हरभरा नसला तरी ही बुरशी जमिनीत पाच-सहा वर्षं तग धरून राहते.

आता गंमत बघा. याच प्रजातीच्या बुरशीला पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेतल्या, म्हणजे एनसीएलच्या, शास्त्रज्ञांनी वीस-पंचवीस वर्षांपूर्वी कामाला लावलं होतं. मुरली शास्त्री, अब्सार अहमद आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2001 मध्ये व्हर्टिसिलियम या बुरशीकडून चांदीचे अतिसूक्ष्म कण तयार करून घेतले. मग फ्युजॅरियमकडून सोन्या-चांदीचे कण बनवले. पुढे 2004-05 मध्ये त्याच फ्युजॅरियमकडून झिर्कोनियम, सिलिकॉन आणि टायटॅनियमच्या ऑक्साइडचे कण मिळवले. पिकाला मारणारी बुरशी धातूचे कण घडवते, ही गोष्ट जगाला दाखवण्यात पुण्याचा वाटा मोठा आहे.

आज हेच तंत्र जस्त आणि तांब्याच्या ऑक्साइडसाठी वापरून पिकांच्या रोगांवर औषध करता येतं का, यावर ठिकठिकाणी काम चालू आहे. त्यासाठी आपल्या ओळखीची ट्रायकोडर्मा बुरशी जास्त सोयीची, कारण ती पिकाला त्रास देत नाही.

नॅनो म्हणजे किती बारीक? एका मिलिमीटरचे दहा लाख भाग केले तर त्यातला एक भाग म्हणजे एक नॅनोमीटर. साधारण 1 ते 100 नॅनोमीटरच्या कणांना नॅनो कण म्हणतात. बारीक केल्याने फायदा काय, ते हिशेबाने सांगतो. एक सेंटिमीटर बाजूचा धातूचा ठोकळा घ्या. त्याच्या सहा बाजू मिळून पृष्ठभाग 6 चौरस सेंटिमीटर. त्याच ठोकळ्याचे 10 नॅनोमीटरचे तुकडे केले तर सगळ्यांचा मिळून पृष्ठभाग 600 चौरस मीटर होतो. म्हणजे जवळजवळ सहा गुंठे! माल तेवढाच, पण बुरशीला भिडणारी बाजू सहा गुंठ्यांची. म्हणून थोड्या धातूत काम भागेल, अशी आशा आहे.

प्रयोगशाळेत हे करतात कसं? बटाट्याचा अर्क आणि साखर घालून केलेल्या पातळ द्रवात ट्रायकोडर्मा आठवडाभर वाढवतात. मग तिचे तंतू गाळून, धुऊन, स्वच्छ पाण्यात दोन-तीन दिवस ठेवतात. या काळात बुरशी आपली प्रथिनं, विकरं पाण्यात सोडते. ते पाणी पुन्हा गाळून घेतात. त्यात आता जिवंत बुरशी नसते, फक्त तिने सोडलेला माल असतो. त्यात जस्ताचा क्षार, उदाहरणार्थ झिंक नायट्रेट, मिसळून ढवळलं की साका तळाशी बसतो. तो वेगळा काढून, धुऊन, बहुतेक वेळा भट्टीत तापवतात, की झिंक ऑक्साइडची भुकटी हातात येते. बुरशीच्या प्रथिनांचं मुख्य काम म्हणजे कणांभोवती वेष्टन घालणं, म्हणजे ते एकमेकांना चिकटून गोळे होत नाहीत. तीव्र रसायनं वापरून हेच करता येतं, पण इथे त्यांची गरज कमी पडते. तंत्राचा खरा फायदा एवढाच.

हे कण रोगाच्या बुरशीला मारतात कसे? कणातून जस्त किंवा तांबं हळूहळू विरघळतं आणि बुरशीच्या पेशीचं काम बिघडवतं. शिवाय कणांमुळे ऑक्सिजनची फार तीव्र रूपं तयार होतात, त्यांनी पेशीचं आवरण फाटतं. यात अगदी परकं काही नाही. फ्रान्समध्ये 1885 च्या सुमारास द्राक्षाच्या केवड्यावर बोर्डो मिश्रण आलं, तेही मोरचूदातल्या तांब्याच्याच जोरावर. मॅन्कोझेबमध्येही जस्त असतंच.

आता मुद्द्याचं. बुरशीने बनवलं म्हणून हे औषध जैविक होत नाही. ट्रायकोडर्माची पावडर शेणखतात मुरवून टाकली की ती जमिनीत वाढते, रोगाच्या बुरशीला विळखा घालते, खाते. नॅनो झिंक ऑक्साइड वाढत नाही आणि कुजतही नाही. धातू तो धातूच. जास्त झाला तर मुळं खुंटतात, जमिनीतल्या उपयोगी जिवाणूंनाही झळ बसते. तांब्याचं तर बोर्डो वर्षानुवर्षं मारलेल्या द्राक्षबागांत दिसलंच आहे, ते मातीत साठत जातं. आणि रोगाची बुरशी मारणारा कण ट्रायकोडर्माला ओळखून सोडून देईल, असंही समजू नका.

दुसरं, काचेच्या बशीत बुरशी थांबली म्हणजे शेतात थांबेलच असं नाही. बशीत माती नसते, पाऊस नसतो, चुनखड नसते. प्रत्येक वेळी कण एकाच मापाचा निघणं हेही अवघड, आणि माप बदललं की गुण बदलतो. घरी ड्रममध्ये ट्रायकोडर्मा आणि झिंक सल्फेट ढवळून कुणी हा उद्योग करू नये. कोरडी नॅनो भुकटी नाकावाटे थेट फुप्फुसात जाते.

मग दुकानात 'नॅनो' लिहिलेली बाटली पुढे आली तर काय पाहायचं? नॅनो युरियाला केंद्राने 2021 मध्ये खत नियंत्रण आदेशाखाली मान्यता दिली, पण ते खत आहे. रोग घालवतो असा दावा असेल तर ते कीटकनाशक कायदा 1968 खाली येतं. मग लेबलवर केंद्रीय नोंदणी क्रमांक, कोणतं पीक, कोणता रोग, किती मात्रा आणि काढणीपूर्वी किती दिवस थांबायचं, हे छापलेलं असलंच पाहिजे. बाटलीवर 'झाडाची ताकद वाढवते' छापलेलं आणि विकणारा तोंडाने 'मर शंभर टक्के बंद' म्हणतोय, तर पैसे खिशातच राहू द्या. ज्याने बाटली घेतलीच असेल त्याने पक्कं बिल घ्यावं आणि तालुका कृषी कार्यालयात दाखवावं.

यंदाच्या हरभऱ्यासाठी तरी जुनाच रस्ता धरा. विजय, दिग्विजय किंवा जॅकी 9218 सारखं मर सहन करणारं वाण घ्या. मर लागलेल्या रानात पुन्हा हरभरा नको, तिथे ज्वारी किंवा गहू घ्या. रासायनिक बुरशीनाशक लावायचं असेल तर ते आधी लावून बी सुकू द्या, ट्रायकोडर्मा त्यानंतर, किलोला पाच ग्रॅम या मापाने. बी सावलीतच वाळवा आणि त्याच दिवशी पेरा. ट्रायकोडर्माच्या पाकिटावरची तारीख मात्र आधी बघा, मुदत संपलेल्या पाकिटात नुसती पावडर उरते.