रंग गेला, पण पाणी निवळले काय?

सुरतेच्या कापडव्यापाराशी ज्यांचा संबंध आहे, त्यांस रंगाचे मोल निराळे सांगावयास नको. परंतु तागा धुताना जो रंग पाण्याबरोबर वाहून जातो, त्याचे पुढे काय होते, याची चौकशी आपण व्यापारी मंडळी क्वचितच करतो.

आपल्या घरी पाणी वस्त्राने गाळून घेण्याची चाल आहे. रंग मात्र वस्त्राने अडत नाही. काही भाग गाळाबरोबर खाली बसविता येतो. उरलेल्याचे विघटनच व्हावे लागते, आणि ते काम डोळ्यांस न दिसणारे जंतू करतात.

पॉलिएस्टरवर चढणारे पुष्कळसे रंग ‘अझो’ वर्गातील आहेत. त्यांच्या रेणूत नत्राचे दोन अणू एकमेकांस जोडलेले असतात व या जोडामुळेच रंग दिसतो. प्राणवायूविरहित टाकीत जंतू हा जोड तोडतात आणि पाणी फिके पडते. येथेच आपली फसगत होते. जोड तुटल्यावर ‘अमाइन’ वर्गाची द्रव्ये मागे राहतात. ती बहुधा रंगहीन असतात, पण त्यांतील काही, उदाहरणार्थ बेंझिडीन, कर्करोगास कारण होतात. याच भयाने भारत सरकारने १९९३ मध्ये बेंझिडीनपासून होणाऱ्या ४२ रंगांवर आणि १९९७ मध्ये आणखी ७० अझो रंगांवर बंदी घातली.

ही अमाइने नाहीशी करावयाची, तर तेच पाणी हवा खेळविलेल्या दुसऱ्या टाकीत न्यावे लागते. तेथील निराळे जंतू त्यांच्या रेणूंतील कार्बनची कडी फोडतात. काम पुरते झाले तर अखेरीस मुख्यत्वे पाणी व कर्बवायू उरतो. याला अवधी लागतो. विजेचा खर्च वाचविण्यासाठी हवा बंद ठेवली, किंवा एकाएकी तीव्र आम्ल आत आले, तर जंतू मरतात आणि त्यांची वाढ पुन्हा होण्यास कित्येक दिवस जातात.

हा अवधी व हा खर्च ज्यांस नकोसा वाटतो, ते आडवाट धरतात. ६ जानेवारी २०२२ रोजी पहाटे सचिन औद्योगिक वसाहतीत एका टँकरमधील रासायनिक द्रव नाल्यात सोडला जात असता विषारी वायू उसळला आणि जवळच्या गिरणीतील सहा कामगार प्राणास मुकले. त्यांनी ना तो द्रव सोडला होता, ना त्यातून काही मिळविले होते.

मिलशी जॉबचा दर ठरविताना आपण पैशापैशाची घासाघीस करतो. आम्हीही ती केली आहे. त्या दरात शुद्धीकरणाचा खर्चही असतो, हे तेव्हा ध्यानात येत नाही. पुढच्या खेपेस सभासदांनी दराबरोबर सांडपाण्याच्या तपासणीचा कागदही मागावा, आणि पाणी किती फिके दिसते हे न पाहता, त्यातील सेंद्रिय द्रव्यांचा भार दाखविणारा ‘सी.ओ.डी.’चा आकडा पाहावा.